छताला कठडा



धर्मशिक्षणाच्या वर्गात पाचवी आज्ञा आली की मुलं जरा सैलावतात. खून करू नको, यात शिकण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही. यंदा सहावीतला एक मुलगा म्हणालाही, "सर, ही आपली झाली, पुढची घ्या." अशा वेळी मी त्यांना अनुवादाच्या पुस्तकातला 22 वा अध्याय उघडायला लावतो, आठवं वचन. नवीन घर बांधलंस तर छताला कठडा कर. नाहीतर कुणी वरून पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय. मुलं हसतात. देवाच्या नियमशास्त्रात गवंडीकाम कुठून आलं? एकेकाळी मीही हसलो असतो. आता का हसत नाही, ते सांगायचं तर आमच्या घराची गोष्ट सांगावी लागेल.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेपासून थोडं आत. पाऊस इथे चार महिने मुक्कामालाच येतो. आजोबांनी बांधलेलं घर मातीच्या भिंतींचं, वर कुंभारी नळ्यांची कौलं. दरवर्षी मे महिन्यात ती परतायची. बाबा आढ्यावर, मी शिडीवर, आई खालून टोपली द्यायची. इतकं करून जून लागला की वानरं एका उडीत दहा-बारा फोडून जायची. मग जिथे गळेल तिथे भांडं. तांब्यात पडणाऱ्या थेंबाचा आवाज वेगळा, पातेल्यातल्याचा वेगळा. माझा धाकटा भाऊ अंथरुणात डोळे मिटून सांगायचा, कुठलं भांडं भरत आलंय. भाग्यज्योतीचा एकुलता एक दिवा सोप्यात, आल्ताराच्या समोर. रोझरी त्या उजेडात व्हायची आणि आई पुन्हा चिमणीच्या उजेडात चुलीकडे जायची.

मंगलोरी कौलं आली 1985 साली. मी लहान होतो, पण ती बैलगाडी आठवते, आणि बाबांनी पहिलं कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवून पाहिलेलं आठवतं. भाजलेलं कौल खणखणतं. जाता जाता सांगतो: पक्षाघाती माणसाला मित्रांनी छतातून येशूसमोर उतरवलं, ती गोष्ट मार्क आणि लूक दोघेही सांगतात. मार्क म्हणतो की त्यांनी छप्पर उकरलं, कारण गालीलात छपरं वासे, काटक्या आणि मातीची. लूक मात्र कौलांतून खाली सोडला असं लिहितो. त्याच्या वाचकांची घरं कौलारू असावीत. आमच्या गावात हा पाठ वाचला की म्हातारी माणसं अजून विचारतात, मग ती कौलं नंतर कुणी घातली? मला हा प्रश्न फार आवडतो.

पुढे 1993 मध्ये सोप्यात शहाबादी फरशी झाली, मग अंगणाला चिऱ्यांचा गडगा, मग पुढच्या भिंतीला गिलावा आणि रंग. एकेक करून घर पुढून छान दिसू लागलं. आता मागे वळून पाहतो तेव्हा या क्रमाची लाज वाटते. जे जे रस्त्यावरून दिसतं ते आधी झालं. स्वयंपाकघरातली धुराने काळी झालेली भिंत तशीच राहिली. संडास झाला 2003 साली, आणि तोही माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना, मुलीकडच्या माणसांनी विचारलं म्हणून. तोपर्यंत आई पंचवीसेक वर्षं पहाटे अंधारात परसाच्या पलीकडे जात होती. भर पावसात, इरलं घेऊन. तिने कधी मागितला नव्हता. किंवा मागितला असेल आणि आम्हाला ऐकू आला नसेल. त्या पंचवीस वर्षांत नाताळच्या गोठ्यासाठी मात्र अंगणात दरवर्षी नवी मांडणी करायचो आम्ही.

बाबा वारल्यानंतर 2013 मध्ये मी मागच्या बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या. आमच्या कुळातला हा पहिला स्लॅब. सेंटरिंग निघालं त्या दिवशी मी वर जाऊन चारही बाजूंनी फिरलो. कौलारू घरात वाढलेल्या माणसाला आपल्याच घराच्या डोक्यावर उभं राहणं काय असतं, ते स्लॅबवाल्यांना कळणार नाही. पैसे संपत आले होते. गवंडी म्हणाला, कठड्याचे 18,000 होतील, वीट आणि सिमेंट धरून. तेव्हाच पुढच्या पायऱ्यांना ग्रॅनाइट बसवायचं चाललं होतं. नाताळ तोंडावर, नातेवाईक येणार, फादर घर आशीर्वादायला येणार. मी ग्रॅनाइट बसवलं. कठड्यासाठी आणलेली वाळू मागे धुण्याच्या दगडाजवळ ढीग करून ठेवली.

फादर पवित्र पाणी शिंपडत सगळ्या खोल्यांतून फिरले, जिन्यानेही वर गेले. म्हणाले, "मास्तर, कठडा?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी, फादर." ते काही बोलले नाहीत. आशीर्वाद दिला.

मे 2014. भाऊ बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे. तो बायकोमुलांना घेऊन सुट्टीला आला होता. आईने आणि दोन्ही सुनांनी मिळून पापड-सांडगे घातले होते आणि ते वाळवायला स्लॅबवर मांडले होते. कावळे उतरत होते. पुतण्या सात वर्षांचा. मीच त्याला म्हणालो, "जा बाळ, काठी घेऊन वर बस." काही मिनिटांनी काठी खाली पडल्याचा आवाज आला आणि त्याच्यामागून दुसरा आवाज.

तो कावळ्यामागे मागे-मागे सरकत गेला होता. पडला तो त्या वाळूच्या ढिगावर. उजवं कोपर मात्र धुण्याच्या दगडावर आपटलं. बेळगावला नेलं, ऑपरेशन करून तारा घातल्या. डोक्याला, पाठीला काही झालं नाही.

दवाखान्यात भेटायला आलेले सगळे म्हणत होते, देवाने वाळूत झेलला. मीही म्हणत होतो. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणत होतो. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "दादा, देवानं वाचवलं हे खरं. पण पडायला जागा तू ठेवली होतीस." नंतर दोन नाताळ तो घरी आला नाही. आईला फोन करायचा. मी उचलला तर म्हणायचा, आईकडे दे.

कठडा मी जून लागायच्या आत बांधला. तीन फूट, आठ दिवसांत. त्यासाठी पैसे कुठून आले? पतसंस्थेतून, आदल्या वर्षीही तिथूनच मिळाले असते. पण त्याबद्दल मी कुणाशी बोललो नाही. वर्गात पाचवी आज्ञा आली की पुस्तकात आहे तेवढं शिकवायचो आणि पुढे जायचो. 2016 च्या उपवासकाळात मुलांसाठी नियमशास्त्रावर टिपणं काढताना अनुवादातलं ते वचन समोर आलं. आधी वाचलं नसेल असं नाही. कला शाखेचा पदवीधर, वाचायची सवय आहे. पण तोवर माझं छत कौलाचं होतं, त्यामुळे ते वचन दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

इस्राएल लोकांची छतं सपाट असायची, ती रोजच्या वापरातली. राहाबने हेरांना लपवलं ते छतावर वाळत घातलेल्या तागाच्या काड्यांखाली. पेत्र प्रार्थनेला गेला तो छतावर. तिथे लोक झोपायचे, वाळवण घालायचे, पाहुण्यांशी बोलत बसायचे. म्हणजे आमच्या पापडांसारखंच. नियमशास्त्र त्या घरमालकाला विचारत नाही की तुझ्या मनात कुणाला मारायचं होतं का. मनात नव्हतं, हे देवाला ठाऊकच असणार. ते फक्त विचारतं, कठडा होता का?

मी पापनिवेदनाला गेलो. सगळं सांगितलं. फादरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे भावाला सांगितलंत?" मी म्हटलं, तो पडला ते नशीब, आमचं असं बोलणं झालंय. फादर म्हणाले, "नशीब नव्हे. आता मला जे सांगितलंत ते." मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय, ते मी मुलांना किती वेळा फळ्यावर लिहून दिलं असेल! बेळगावची बस आमच्या गावातून दर तासाला असते. मला दोन वर्षं लागली होती.

शनिवारी गेलो. भावजयीने चहा ठेवला. पुतण्या क्लासला गेला होता. मी म्हटलं, "ग्रॅनाइटचे पैसे होते. कठड्याचे नाहीत असं मी सांगितलं, ते खोटं होतं. आणि त्याला वर मी पाठवलं होतं." भाऊ बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत होता. मग म्हणाला, "केलास काय कठडा?"

"केला."

"किती?"

"तीन फूट."

"साडेतीन पाहिजे. पोरं वाढतात."

एवढंच. मिठी वगैरे काही नाही. आमच्या घरात तशी पद्धतही नाही. त्या नाताळला तो आला, पण जिना चढला नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये पुराने आणि पावसाने बेळगाव जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. आमची आजोबांच्या वेळची मातीची मागची भिंत रात्री बसली. कुणाला लागलं नाही, आई स्लॅबच्या खोलीत झोपली होती. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी मिळेल त्या गाडीने ताडपत्री घेऊन पोचला. दोन दिवस आम्ही दोघांनी चिखल उपसला, पडलेल्या वाशांतले चांगले निवडले, कौलं एकावर एक रचली. तोही बोटाचं पेर मारून कौल वाजवून पाहत होता, अगदी बाबांसारखा. संध्याकाळी पाऊस थांबला तसा तो न सांगता जिन्याने वर गेला. मी मागोमाग गेलो. त्याने दोन्ही हात कठड्यावर ठेवून जोर लावून पाहिला. एका ठिकाणी नाही, तिन्ही बाजूंनी, दर चार पावलांवर.

पुढच्या महिन्यात वेल्डिंग करून आणलेला लोखंडी पाइप त्याने कठड्यावर बसवला. अर्धा फूट उंच. 

पुतण्या आता अठराचा आहे. कोपर पूर्ण सरळ होत नाही. पास्काच्या रात्री मिस्सेला धूपदान त्याच्याकडे असतं आणि तो ते डाव्या हाताने हलवतो; नवीन फादर विचारतात, डावखुरा आहे का. मी नेहमी नाही म्हणतो आणि कारण सांगतो.

भिंत चिऱ्यांची झाली. स्वयंपाकघर नवीन झालं, धुराडं नको आता, गॅस आहे. पुढच्या पायऱ्यांचं ग्रॅनाइट पावसात निसरडं होतं म्हणून त्यावर गोणपाट टाकतो. वरच्या पाइपवर बहुतेक दिवस आईची गोधडी वाळत असते.