अण्णांच्या फियाटचा डायनॅमो

अण्णांची १९६८ ची फियाट आमच्या घरी अजून चालती आहे. तिचा डायनॅमो मात्र दमला होता. मुळात डायनॅमो सावकाश फिरला की चार्जिंग जवळजवळ होतच नाही. मांडवीच्या गर्दीत दिवे, वायपर लावले की डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा पेटायचा. आमच्या बँकेच्या भाषेत, जमा शून्य, नावे चालूच! अल्टरनेटर कमी फेऱ्यांवरही बॅटरी भरतो.

पुण्याचा धाकटा भाऊ ऐकेना. "दादा, अण्णांनी ठेवली तशीच राहू दे." २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन झालं, तिथल्या अस्सल गाड्या पाहून तो भारावला होता. मी म्हटलं, अण्णांनी गाडी फिरायला घेतली, झाकून ठेवायला नव्हे.

मिस्त्री म्हणाला, "काका, मारुती आठसोनो नाखी दईए." बसवायला नवी पट्टी केली, जाड वायर ओढली. कटाउटचा डबा जागेवरच, नुसता शोभेला. तांबडा दिवा मात्र ठेवावाच लागला, त्याच्याच वायरीतून अल्टरनेटर जागा होतो म्हणे.

डायनॅमो ग्रीस लावून माळ्यावर ठेवलाय. दिवाळीला भाऊ आला की चहाच्या आधी तो आहे ना, ते बघतो.