प्याला की जाते?

आमच्या बडोद्याच्या हौशी नाट्यमंडळात प्रत्येकाला काही ना काही काम असे. ज्याला गळा होता तो गाई, ज्याच्या ओळखी होत्या तो तिकिटे खपवी, आणि ज्याला यांपैकी काहीच साधत नसे त्याच्याकडे भित्तिपत्रक येई. १९८२ च्या थंडीत ‘एकच प्याला’ करावयाचे ठरले, तेव्हा ते माझ्याकडे आले. शाळेत चित्रकलेत बरे गुण मिळत, एवढेच माझे भांडवल.

नाटकाची निवड उगाच नव्हती. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला, तो बडोद्यातच. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर आपण पाहिल्याचे सांगणारे वृद्ध दांडिया बाजारात तेव्हाही भेटत. आम्हांला तालमीपेक्षा त्यांच्या ओट्यावरून जाण्याचीच धास्ती अधिक.

भित्तिपत्रकावर काय काढावे याविषयी मला क्षणभरही शंका आली नाही. प्याला! तिरका कललेला, त्यातून खाली पडणारे लाल थेंब. मंडळाच्या चिटणिसांनी चित्र पाहिले आणि चष्मा वर सारून विचारले, “अहो, दारूबंदीच्या राज्यात हा प्याला चौकाचौकांत लावणार?” पुष्कळ हशा झाला, पण चित्र मंजूर झाले. खर्चास पंचाहत्तर रुपये मिळाले. एवढ्यात छापखान्याचे दार उघडणे शक्य नव्हते, म्हणून लिनोलियमचा तुकडा आणून त्यावर घरीच कोरायचे ठरविले.

या कामातली गंमत करणाऱ्यालाच कळते. जेवढे कोरून काढावे तेवढे कागदावर पांढरे राहते आणि जे शिल्लक ठेवावे तेच छापले जाते. शिवाय अक्षरे उलटी कोरावी लागतात; तेलकट पारदर्शक कागदावर सरळ लिहून, कागद पालथा घालून ती उतरवून घ्यावयाची. पण नाटकाचे नावच मोठे सोयीचे! ‘एकच प्याला’ या अक्षरांत शिरोरेखेच्या वर एक मात्रा नाही की खाली एक उकार नाही. एका सरळ रेघेला सगळे शब्द वाळत घातल्यासारखे. गडकऱ्यांनी हा विचार नक्कीच केला नसेल, पण मी त्यांना मनोमन दुवा दिला.

अक्षरे कोरून झाली आणि प्याल्याला हात घालणार तोच आत्याबाई आल्या. त्या शेजारच्याच वाड्यात राहत. आतोबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. ते का गेले हे घरात सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नसे. दारूबंदी होती ती कायद्यात. पिणाऱ्याला ती कधी आडवी आली नाही. आत्याबाईंनी माझे चित्र हातात घेऊन उजेडाकडे धरले.

“छान काढलंस रे बाळ,” त्या म्हणाल्या. “पण प्याला मी कधी पाहिलाच नाही. ते सगळं बाहेरच व्हायचं.”

मी गप्प राहिलो. काही विचारावे तर कठीण, न विचारावे तर त्याहून कठीण.

“घरात काय दिसायचं, सांगू? जातं. दुसरं काही नाही.”

त्यांच्या जिन्याखालचे ते जाते मला चांगले आठवत होते. लहानपणी सुट्टीत खुंटा धरून मी त्यांच्याबरोबर ओढू लागे आणि त्या हसून ओवी म्हणत. मला तो खेळ वाटे. ते दळण परक्या घरांचे असे, हे मला त्या संध्याकाळी, वयाच्या तिसाव्या वर्षी कळले.

आणि आमच्या तालमीत रोज सिंधू जात्यावर बसत होती! मी समोर बसून ते पाहत होतो. पण चित्र काढताना मला नावातला प्यालाच दिसला.

रात्री प्याला खोडला. त्या जागी जाते आले, वरून पाहिलेले. एक गोल, मध्ये तोंड, कडेला खुंटा. एवढेच. लाल रंगही सोडला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक संतापले. “लोकांना ही पिठाच्या गिरणीची जाहिरात वाटेल!” त्यांचे अगदीच चुकत होते असे नाही. दोन तास वाद झाला. शेवटी सिंधूचे काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, “राहू द्या ना. नाव वर लिहिलेले आहेच.” मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. तळाशी तारीख आणि वेळ गुजरातीतही घालावी अशी एक सूचना आली, ती मी मुकाट्याने मान्य केली. आमच्याच वाड्यातली निम्मी मुले तेव्हा गुजराती शाळांत जात होती.

कागद ठशावर घालून वरून चमच्याच्या पाठीने घासायचा, अशी आमची छपाई. घरातील दोऱ्यांवर धोतरांऐवजी जाती वाळत होती. साठ प्रती निघाल्या, नऊ बिघडल्या. मैद्याच्या खळीत मोरचूद घालून रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत आम्ही त्या चिकटवल्या.

प्रयोग बरा झाला. सुधाकर दोनदा अडखळला, पण ते नशेत खपून गेले. आत्याबाई मात्र नाटकास बसल्या नाहीत. नाट्यगृहापर्यंत आमच्याबरोबर आल्या. तिकीटखिडकीशेजारी लावलेल्या पत्रकाचा एक कोपरा सुटला होता, तो त्यांनी अंगठ्याने दाबून नीट बसविला आणि, “जाते रे मी, दिवेलागण झाली,” म्हणून घराकडे वळल्या.