लगीन कोनाचं?

हरसूलला मराठी शिकविणारे आम्ही दोघे. संगीताशी आमचा संबंध एवढाच, की आमच्यापैकी एकाला जुजबी पेटी वाजविता येते. तरीही आंतोनियो दे काबेसोन (१५१०–१५६६) ह्या अंध स्पॅनिश ऑर्गनवादकाचे नाव आमच्या बोलण्यात वारंवार येते. जोस्कँसारख्यांनी समूहकंठांसाठी रचलेली प्रार्थनागीते त्याने ऑर्गनच्या पट्ट्यांवर उतरविली. त्याच्या पश्चात त्याचा मुलगा एर्नान्दो ह्याने त्याच्या रचना १५७८ साली माद्रिदला छापून घेतल्या.

काम वरवर सोपे वाटते. परंतु दोन कंठ एकाच स्वरावर भेटतात तेव्हा त्यांच्यासाठी पट्टी एकच असते. कोणता कंठ कोठून आला आणि कोठे गेला, हे कानाला उमगत नाही. एका स्वरावर तीन अक्षरे असली, तर गायकाची व्यंजने ती वेगळी ठेवतात. वादकाने बोट उचलले नाही, तर तिथे एकच लांब सूर उरतो. काबेसोन लांब स्वरांची जागा द्रुत स्वरावलींनी विणून काढतो. शब्द मात्र परत आणू शकत नाही. (आमच्या संगीत नाटकातल्या ऑर्गनला ही चिंता नव्हती. शब्द सांभाळायला समोर बालगंधर्व होते!)

हे सारे आम्हांला कळले ते उशिरा. एका विद्यार्थिनीची आजी धवळेरी, म्हणजे वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणणारी. तिचा आवाज गेला होता. स्नेहसंमेलनात निदान तिची चाल तरी वाजावी, असे नातीला वाटले. नात गुणगुणे, आम्ही पेटीवर स्वर शोधत असू. चार दिवसांनी आजीला ऐकविले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि घोगऱ्या आवाजात विचारले, "चाल आमचीच हाय. पन लगीन कोनाचं?"

तिच्या गाण्यात नवरानवरीची नावे गुंफलेली असत. आम्ही ती सुरांनी बुजविली होती. आशय आणि अभिव्यक्ती वेगळी काढता येत नाहीत, असे वर्षानुवर्षे वर्गात सांगणाऱ्यांनी हे करावे! खरे तर त्या दिवशी आम्हांला थोडा रागही आला होता.

संमेलनात नावांच्या जागी आम्ही केवळ षड्ज धरून भाता चालू ठेवला आणि नातीने आपल्या धाकट्या मावशीचे व तिच्या नवऱ्याचे नाव घेतले. तेव्हा पहिल्या रांगेतून आजी पुढची ओळ म्हणू लागली. आम्हांला ती नीट ऐकू आली नाही. पेटी वाजत होती.