काय स्क्वेअर?

"भावजी, प्रबंधाचे आकडे तेवढे बघा ना," वहिनी म्हणाली. ४० बायका, आहारावरच्या व्याख्यानाआधी आणि नंतर एकच प्रश्न, रोज पालेभाजी खाता का? मी सवयीने पिअर्सनची (१९००) काय-स्क्वेअर लावली. फरक सिद्ध होईना. वहिनीचा चेहराच पडला.

रात्री ट्यूब पेटली. अरे, मी ४० बायकांच्या ८० केल्या की! पिअर्सनला प्रत्येक नोंद स्वतंत्र लागते; इथे त्याच बायका दोनदा. म्हणजे मॅकनेमार (१९४७) हवी. ती फक्त उत्तर बदललेल्या बायका मोजते.

अशा १० निघाल्या. ९ 'हो'कडे, १ 'नाही'कडे. इतक्या थोडक्यांना सरळ नाणेफेकीचा हिशोब बरा: एवढी एकतर्फी वाटणी योगायोगाने पडायची शक्यता सुमारे २ टक्के.

सकाळी सांगितलं, तर वहिनी म्हणते, "पण त्या एकीने भाजी का सोडली?"