समुद्र की सरपंच?

आमच्या पडवीतून समुद्र दिसतो. एवढंच सांगायचं होतं मला, फ्रेंचमध्ये. त्यात अर्धा गुण गेला, वर वर्गभर हसं झालं. ते अजून सलतं.

रेडीची मुलगी फ्रेंच कशाला शिकते? हॉटेलच्या नोकरीसाठी, दुसरं काय! तेरेखोलला फेरीबोटीत चढायचं, केरीला उतरायचं, पुढे बसने पणजी. पहिल्याच पातळीची तोंडी परीक्षा होती. मी म्हटलं, "द मा मेझाँ, झ व्वा ल मेर." आपला समुद्र पुल्लिंगी, म्हणून मी 'ल' लावला. फ्रेंचांचा समुद्र निघाला बाई, 'ला मेर'. आणि 'ल मेर' म्हणजे गावचा महापौर. खेड्यात सरपंचच म्हणा. 'मेर'चा उच्चार दोन्हींत एकच, स्पेलिंग वेगळं. आई म्हणजेसुद्धा 'मेर'च!

बाईंनी विचारलं, "रोज दिसतात का सरपंच?" झालं. पुढे महिनाभर मी 'मादाम सरपंच'.

आता माझं म्हणणं ऐका. बाईंना समुद्र ऐकू आला असेल, तर लिंगाची चूक धरा, अर्धा गुण कापा. पण त्यांना तर सरपंच ऐकू आले! मग वाक्य व्याकरणाने चोख होतं. घरातून सरपंच दिसू नयेत असा काही नियम आहे? चेष्टाही करायची आणि गुणही कापायचा, हे दोन्ही कसं चालेल? हे मी बाईंना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

परतीच्या फेरीत फ्रेंचांवर तोंडसुख घेतलं. टेबल बाई का, पुस्तक बुवा का? मग पाण्याकडे बघता बघता लक्षात आलं, आपला तरी समुद्र तो, लाट ती आणि पाणी ते. आपण तर तिसरं लिंग वर फुकट दिलंय! तरी राग गेला नाही.

खरं तर मालवणी माणसाला फ्रेंच जड जाऊ नये. प्रमाण मराठीने न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या नियमांत लिहिण्यातूनही काढले. आम्ही अजून 'ह्यां', 'तां' नाकातूनच म्हणतो. शहरातल्या मुली 'बाँ'चं 'बॉन' करायच्या, माझं पहिल्या दिवशी जमलं. नव्वदला फ्रेंच म्हणतात 'कात्र-व्हँ-दीस', म्हणजे चार-वीस-दहा. वर्ग कपाळाला हात लावून बसला. माझी आजी नारळ असेच मोजायची, "चार विसा नि धा." सत्तर मात्र ते साठ-दहा म्हणतात, तिथे आजीनेही त्यांना वेड्यात काढलं असतं.

शिकणाऱ्यांनो, नुसतं 'मेर' पाठ करू नका. 'ला मेर' असं जोडूनच घोका.

पुढच्या लेखी परीक्षेत मी मुद्दाम तेच वाक्य लिहिलं, 'ल'सकट आणि स्पेलिंग सरपंचाचं. पूर्ण गुण मिळाले.