उंचीचा खांब

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत, ही गोष्ट वर्गात शिकवताना आम्ही तिच्याकडे व्याकरणातील एक सोय म्हणूनच पाहत आलो. ऐकणारा ज्यात धरलेला असतो ते 'आपण'. ज्यातून तो वगळलेला असतो ते 'आम्ही'. गुजरातीत हा भेद आहे, तमिळ-तेलुगूत आहे. हिंदीत आणि इंग्रजीत नाही. इंग्रजी ऐकणाऱ्याला आपण आत आहोत की बाहेर, हे संदर्भावरून ताडावे लागते. मराठी माणसाला ते तत्काळ कळते. डिसेंबर २०२४ मधल्या एका सकाळी खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कमध्ये शिरून दहा मिनिटेही झाली नसतील, तोच आमचा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आम्ही जाऊन येतो, तुम्ही बसा कुठेतरी." त्या 'आम्ही'त तो होता आणि त्याची अकरा वर्षांनी मोठी बहीण होती. सहलीचा बेत ठरवताना तीच बहीण फोनवर म्हणाली होती, "या वेळी आपण चौघं जाऊ या." फोनपासून फाटकापर्यंतच्या प्रवासात सर्वनाम बदलले होते.

या लेखातले 'आम्ही' म्हणजे साताऱ्याला महाविद्यालयात शिकवणारे एक जोडपे, असे वाचकांनी समजावे. मुलगी पुण्यात नोकरी करत होती आणि जानेवारीत आयर्लंडला जाणार होती. जाण्यापूर्वी दोन दिवस सगळ्यांनी एकत्र घालवावेत, ही कल्पना तिची. महाबळेश्वर घराजवळ, कोकण मुलाला कंटाळवाणे. तेव्हा ठिकाणही तिनेच निवडले, तिकिटे तिनेच काढली आणि गाडीही तीच चालवत होती. मागच्या आसनावर बसून सहलीला जाण्याचा हा आमचा पहिलाच अनुभव. पैशाचा विषय काढला तेव्हा तिने आरशातून आमच्याकडे पाहिले आणि गाण्याचा आवाज वाढवला.

तिने हे ठिकाण निवडले यामागे एक जुनी गोष्ट असावी, असे आम्हाला वाटत होते. मे २००५ मध्ये ती सात वर्षांची असताना आम्ही तिला एस्सेलवर्ल्ड पाहायला नेले होते. बोरिवलीला मामाकडे मुक्काम, सकाळी लवकर डबा भरून बसने खाडीपर्यंत आणि तेथून गोराईला जाणारी बोट. १९८९ साली सुरू झालेले ते उद्यान त्या काळात महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या स्वप्नात होते, आणि आमच्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ते कसेबसे बसले होते. दिवसभर ती लहान पाळण्यांत बसली. दुपारी एका मोठ्या पाळण्याच्या रांगेत आम्ही तिघे तासभर उभे राहिलो. तोंडाशी एक खांब होता आणि त्यावर रेघ होती. तेथल्या माणसाने तिला खांबाला पाठ लावून उभे केले, डोक्यावर तळहात धरला आणि मान हलवली. थोडक्यात हुकले होते. आम्ही तिला म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की. तोपर्यंत उंच होशील." ती "हो" म्हणाली. परतीच्या बोटीत ती गप्प होती.

ते पुढचे वर्ष आले नाही. घराचे हप्ते होते. २००९ मध्ये धाकट्याचा जन्म झाला. मुलांची आजी अंथरुणाला खिळली. मग दहावी, बारावी. मध्यमवर्गीय घरात वचने मोडत नाहीत, ती नुसती मागे सरकवली जातात. या दशकाच्या सुरुवातीला एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याची बातमी वाचली, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. वचन पाळण्याची जागाच उरली नव्हती.

असो. मुले गेली आणि आम्ही एका बाकावर बसलो. समोर नायट्रो नावाचे रोलर कोस्टर होते. सुमारे चाळीस मीटर उंच, आणि बसणाऱ्याच्या पायांखाली फरशी नसलेले. माणसे अधांतरी लोंबकळत वर चढत होती आणि ओरडत खाली येत होती. शेजारच्या बाकांवर आमच्यासारखीच जोडपी होती. प्रत्येकाच्या मांडीवर दुसऱ्यांच्या पिशव्या, चष्मे, फोन. थोड्या वेळाने लक्षात आले की या साऱ्या नगरीत एक दुसरी, बसलेली नगरी आहे, आणि तिच्याविषयी आम्ही कोठे काही वाचलेले नाही.

वस्तुतः थीम पार्कचा जन्म अशाच एका बाकावर झाला. वॉल्ट डिस्ने सांगत असत की, शनिवारी ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील फिरत्या घोड्यांवर बसायला नेत. मुली घोड्यांवर, आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसलेला. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी, हा विचार त्यांना तेथे सुचला. ॲनाहाइमचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. या कथेतला एक तपशील मात्र सांगायचा राहतो. उद्यान उघडले तेव्हा थोरली मुलगी डायान एकवीस वर्षांची होती; तिचे आदल्या वर्षीच लग्न झाले होते आणि तिला मूलही झाले होते. धाकटी शॅरन अठराच्या पुढे गेली होती. ज्या मुलींसाठी ती जागा कल्पिली, त्या मुली ती बांधून होईतो उरल्याच नव्हत्या. उद्यान अर्थातच कमालीचे यशस्वी झाले. पण त्या बाकावरच्या बापाला मात्र उशीरच झाला होता. आमच्या गोराईच्या वचनाशी या गोष्टीची तुलना करणे हास्यास्पद आहे, हे आम्हाला समजते. तरीही बाकावर बसल्याबसल्या आम्ही ती केली.

समीक्षकांनी या उद्यानांवर पुष्कळ लिहिले आहे. उम्बेर्तो एको यांनी १९७५ च्या निबंधात दाखवले की डिस्नेलँडच्या मुख्य रस्त्यावरची घरे खेळण्यातली वाटतात, पण आत शिरले की दुकानच असते. आपण अजून खेळतोच आहोत अशा समजुतीत माणूस खरेदी करत राहतो. ज्याँ बोद्रियार १९८१ मध्ये आणखी पुढे गेले. बाहेरचे जग खरे वाटावे म्हणून डिस्नेलँड काल्पनिक म्हणून मांडले जाते, असे ते म्हणाले. आणि मोठी माणसे तेथे पोरकटपणा करायला येतात, कारण त्यामुळे बाहेर आपण प्रौढ आहोत हा भ्रम टिकतो. हे आम्ही वर्गात अनेकदा शिकवले आहे आणि ते खोटे आहे असे आजही वाटत नाही. इमॅजिकातही नर्मदेच्या खोऱ्यात जीवाश्म सापडलेल्या, २००३ साली नामकरण झालेल्या राजासॉरसची नौकासफर आहे. शास्त्रातला एक सांगाडा येथे पाण्याचे फवारे झेलत पाहायचा असतो. एको येथे आले असते तर त्यांना लिहायला विषयाची वाण पडली नसती. पण या थोर मंडळींच्या लेखनात कोणीच कोणाची वाट पाहत नाही. त्यांच्या हातात दुसऱ्याची पाण्याची बाटली नसते. ते उद्यानात एकटे फिरतात आणि त्यामुळे त्यांना इमारती दिसतात, बाक दिसत नाहीत.

त्या दुपारी आम्हाला अधिक आठवला तो रोजे कायवा. १९५८ च्या ग्रंथात त्याने खेळांचे चार प्रकार केले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. हुतूतू स्पर्धेचा, सापशिडी दैवाचा, भातुकली सोंगाचा. आईबाप म्हणून पहिल्या तिन्हींत आम्ही मुलांबरोबर होतो. भातुकलीतला खोटा चहा प्यायलो, सापशिडीत मुद्दाम नव्हे तर खरोखरच हरलो. चौथ्यात मात्र वय आडवे येते. भोवळ शरीराला येते आणि शरीर सोंग घेत नाही. आपल्याकडे भोवळीचा जुना खेळ म्हणजे फुगडी. तिला दोघी लागतात, हात घट्ट धरावे लागतात आणि एकीने सोडले तर दोघी पडतात. रोलर कोस्टरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र पट्ट्याने जखडलेले असते. तेथे कोणी कोणाला धरलेले नसते; म्हणूनच कदाचित तेथे आईबापांचे काम नसते.

दीड तासाने मुलगी एकटीच आली. भाऊ पुन्हा रांगेत उभा राहिला होता. तिने तिन्ही पिशव्या बाजूला सारल्या आणि आमच्या मध्ये बसली. आम्ही धीर करून गोराईचा विषय काढला. तेव्हाचे राहून गेले ते आज फिटले, बरे वाटले, अशा अर्थाचे काहीतरी बोललो. ती बुचकळ्यात पडली आणि मग हसू लागली.

"बाबा, मला तेव्हा बसायचंच नव्हतं. मी जाम घाबरले होते."

"पण उंची…"

"मी गुडघे वाकवले होते. तो घोळदार फ्रॉक नव्हता का, मामींनी शिवलेला? त्यात कुणाला कळलं नाही."

आम्ही काही बोललो नाही. एकोणीस वर्षे जो खांब आमच्या मनात उभा होता, तो तिच्या सुटकेचा खांब होता. तासभर रांगेत उभे राहिलेल्या आईबापांना "मला भीती वाटते" असे सांगणे सात वर्षांच्या मुलीला जमले नाही, आणि तिने ते काम खांबावर सोपवले. परतीच्या बोटीतला तिचा अबोला निराशेचा नव्हताच. पकडले जाऊ की काय याचा होता. आम्ही तिच्या दुःखाची म्हणून जी गोष्ट इतकी वर्षे जपली, ती मुळात आमच्या तंगीची गोष्ट होती. तिचे नाव तिला आम्ही दिले होते.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" आईने विचारले.

"तुम्हाला किती वाईट वाटत होतं, आई! मग सांगणार कसं?"

एवढ्यावर हा लेख थांबवता आला असता. पण मग तो प्रामाणिक झाला नसता. नायट्रोच्या वाटेवरही एक फलक होता. हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे दुखणे असलेल्यांनी बसू नये, अशा अर्थाचा. आम्हा दोघांपैकी एकाची २०१९ साली अँजिओप्लास्टी झाली आहे. कोणाची, हे सांगण्याचे कारण नाही, कारण त्या दिवसापासून ते दुखणे दोघांचे झाले आहे. मोठ्या पाळण्यांच्या बाबतीत तो फलक योग्यच होता. पण त्या सकाळी मुलगी आम्हाला ज्या ज्या ठिकाणी चला म्हणाली, त्या त्या ठिकाणी आम्ही तोच फलक पुढे केला. लहान मुले आजीआजोबांबरोबर बसत होती अशा संथ गाड्यांपाशीसुद्धा. डॉक्टरांनी आम्हाला तसे काही सांगितलेले नव्हते. आम्हाला भीती वाटत होती. पाळण्याची थोडी; आणि आपण आता तिच्या मागे मागे चालणारी, तिने सांभाळायची माणसे झालो आहोत, हे दिसण्याची अधिक. बाकावर निदान पिशव्या सांभाळणारे आम्ही होतो.

तेव्हा आम्हीही गुडघेच वाकवले होते. तिच्या ते लक्षात आले असणार; गुडघे वाकवणाऱ्याला दुसऱ्याचे वाकलेले गुडघे ओळखू येतात. तिने फलकावर वाद घातला नाही, "बरं, बसा" एवढेच म्हणाली होती. सात वर्षांच्या मुलीने आम्हाला जसे सांभाळून घेतले होते, तसेच.

संध्याकाळी धाकटा आला. त्याचे केस विस्कटलेले होते, घसा बसलेला होता आणि तो अतिशय आनंदात होता. दिवसभरात तो आमच्याशी जेमतेम वीस वाक्ये बोलला असेल. पण येऊन त्याने न विचारता बाटलीतले पाणी संपवले आणि बाकाच्या कडेला टेकला. चौघे एका बाकावर अडचणीत बसलो. काही मिनिटे कोणीच उठले नाही. त्या बसण्याला कोणते सर्वनाम लावावे, असा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही.

परतताना द्रुतगती मार्गावर अंधार पडला. मुलगा झोपला होता. बोरघाट चढताना मुलगी पुढे पाहतच म्हणाली, "पुढच्या वर्षी मी सुट्टीवर आले की आपण सगळे बसू. निदान त्या लहान गाडीत तरी." नव्या नोकरीत पहिल्या वर्षी सुट्टी मिळणे अवघड आहे, हे तिनेच आम्हाला आदल्या दिवशी सांगितले होते. तिचा स्वर आम्हाला ओळखीचा वाटला. लहान मुलाची समजूत घालताना मोठी माणसे असे बोलतात.

आम्ही "हो" म्हटले. २००५ साली तीही "हो"च म्हणाली होती.