डाग आणि वण

डाग पुसायचा असतो, वण राहतो. मराठीने हा फरक केव्हाच करून ठेवला आहे. आपण मात्र मुरुमांनंतरच्या सगळ्याच खुणांना डाग म्हणतो आणि पुसायला बसतो. सुश्रुताने मुरुमांना, म्हणजे मुखदूषिकांना, सावरीच्या काट्यांची उपमा दिली. ती उपमा उठावाची आहे. पण खरा प्रश्न उठाव बसल्यावर सुरू होतो. वयात येताना अँड्रोजेनमुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, त्यात जीवाणू वाढतात आणि सूज येते. ती तेवढ्यावर निवली तर सावळ्या त्वचेवर मेलॅनिनचा तपकिरी ठसा उरतो. उन्हापासून जपले तर बहुतेकदा तो काही महिन्यांत फिका होतो. हा डाग. छिद्राची भिंत आतल्या आत फुटली, तर मात्र शरीर घाईघाईने डागडुजी करते. कोलॅजन कमी पडले की खड्डा राहतो; जास्त झाले की छाती, खांदे, जबड्याची कड इथे गाठ उठते. हा वण. तिरप्या उजेडात पाहावे: डागाला सावली नसते, वणाला असते.

म्हणून लिंबू चोळून किंवा गोरेपणाच्या क्रीमने खोल वण भरत नाही. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड असेल तर त्वचा पातळ होते, नवे मुरूमही उठतात. ‘वयाबरोबर जाईल’ हा दिलासा डागापुरता खरा आहे. चाळिशीनंतर त्वचेखालचा भराव ओसरतो, तेव्हा विशीतले उथळ खड्डे उलट अधिक दिसू लागतात. कोणी म्हणेल, वण म्हणजे काही रोग नव्हे, मग एवढा खटाटोप कशाला? उपचाराची सक्ती नाहीच. पण जो चेहरा घेऊन माणूस रोज चारचौघांत वावरतो, त्याचा संकोच केवळ नखरा ठरवणे हा न्याय नव्हे.

करायचेच तर वणाची जात ओळखून करावे. अरुंद, खोल छिद्रात काडीच्या टोकाने तीव्र आम्ल सोडतात किंवा तेवढाच तुकडा काढून टाके घालतात. लाटांसारख्या खड्ड्यांना खाली ओढणारे तंतू सुईने तोडतात, ते सबसिजन. रुंद, उथळ खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेसर. खड्ड्यांवरच्या या बहुतेक उपायांचे तत्त्व एकच: मोजूनमापून नवी इजा करायची आणि तेव्हा घाईत झालेली दुरुस्ती शरीराकडून पुन्हा, सावकाश करून घ्यायची. गाठींचे गणित उलटे. तिथे वाढ रोखायला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात.

इजेवर इजा करण्यात धोका नाही का? आहे. आपल्या वर्णाच्या त्वचेवर लेसरच नवे डाग उमटवू शकतो. म्हणून त्याचा जोर बेताचा ठेवावा, सनस्क्रीन चुकवू नये आणि आधी मुरूम आटोक्यात आणावेत. मुरूम वेळेवर बरे करणे हाच वणावरचा सर्वांत स्वस्त इलाज, पण कोवळ्या वयात ‘आपोआप जातील’ म्हणून नेमका तोच टळतो. पुढच्या उपचारांना बैठका अनेक लागतात, नवे कोलॅजन तयार व्हायला महिने जातात आणि इतके करूनही वण पूर्ण मिटत नाही. कमी होते ती त्याची सावली, आणि उपचार फळला की नाही हे तिच्यावरूनच मोजायचे.